सोस्यूरकडे जाण्याआधी एक वही घ्या

एम.ए. मराठीला आलेली बहुतेक मुलं संरचनावादी भाषाविज्ञानाला व्याख्यांपासून सुरुवात करतात. चिन्हक म्हणजे काय, चिन्हित म्हणजे काय, ‘लांग’ आणि ‘पारोल’ यांतला फरक सोदाहरण स्पष्ट करा. पेपर होतो, गुण मिळतात आणि वर्षभरात सगळं पुसलं जातं. मीही असाच शिकलो. विषय खरा कळला तो पुष्कळ नंतर, माझ्या आत्याचं बोलणं रेकॉर्डरवरून वहीत उतरवताना. म्हणून नवख्यांना मी उलटा क्रम सांगतो: आधी वही, मग पुस्तक.

या सगळ्या विचाराचा गाभा एवढाच आहे की भाषेतली कुठलीही गोष्ट एकटीने काही नसते, तिचं मोल शेजाऱ्यांवरून ठरतं. वाचायला हे सोपं वाटतं. हाताने करून पाहिल्याशिवाय मात्र ते अंगात मुरत नाही.

लागणारं सामान: दोनशे पानी वही, पेन्सिल, फोनमधला रेकॉर्डर आणि घरातलं एखादं बोलकं माणूस.

पायरी १: पाच मिनिटांचं बोलणं उतरवा

रेकॉर्डिंग करण्याआधी परवानगी घ्या आणि ते कशासाठी आहे ते सांगा. “तुमची बोली बोलून दाखवा” असं चुकूनही म्हणू नका. असं म्हटलं की माणूस सावध होतो आणि पुस्तकी बोलायला लागतो. विहीर कशी खणली, लग्नात काय गोंधळ झाला, पुरणाला कुठली डाळ चांगली, असलं काहीतरी विचारा.

मग जसं ऐकू येतं तसंच लिहा. ‘पानी’ ऐकू आलं तर ‘पानी’, ‘व्हतं’ ऐकू आलं तर ‘व्हतं’. हात आपोआप ‘पाणी’, ‘होतं’ लिहायला जातो, त्याला आवरा. पाच मिनिटांच्या बोलण्याला तास-दीड तास लागतो, त्यामुळे घाई करू नका.

उतरवून झाल्यावर पानाकडे बघा. अर्ध्यावर सोडलेली वाक्यं आहेत, खोकला आहे, “ते हे... काय म्हणतात त्याला” आहे. हे प्रत्यक्ष बोलणं, म्हणजे पारोल. तरीही ऐकणाऱ्याला सगळं समजलं, कारण बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात एक सामायिक व्यवस्था आहे, ती लांग. या विचाराचा पाया घालणारा स्विस भाषावैज्ञानिक सोस्यूर, त्याने जिनिव्हाहून पॅरिसला जाणाऱ्या एक्सप्रेसचा दाखला दिला होता. आपल्याकडे रोजची ८:१२ ची लोकल घ्या. रेक बदलतो, मोटरमन बदलतो, गाडी कधी ८:२० ला येते, तरी आपण तिला ८:१२ च म्हणतो. कारण वेळापत्रकात ८:०६ आणि ८:१९ यांच्या मधली तिची जागा कायम आहे. तुम्हाला वहीतून शोधायचं आहे ते हे वेळापत्रक.

पायरी २: ध्वनींच्या जोड्या लावा

वहीत अशा जोड्या शोधा, ज्यांत एकच ध्वनी बदलला की शब्द बदलतो. वेळ–वेल. गाळ–गाल. काळ–काल. पुस्तकात याला ‘न्यूनतम युग्म’ म्हणतात. अशी एक जरी पक्की जोडी मिळाली, तरी ळ आणि ल हे त्या बोलीत दोन वेगळे स्वनिम, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलू शकणारे ध्वनी, आहेत एवढं सिद्ध होतं.

इथे लिपी फसवते, सांभाळा. ‘हे जग मोठं आहे’ आणि ‘तू सुखाने जग’ ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणा. पहिला ज तालव्य आहे, दुसरा दंततालव्य. कागदावर दोन्ही सारखेच, कानाला वेगळे, आणि अर्थही वेगळा. म्हणून उतरवताना दंततालव्य च, ज, झ यांच्याखाली रेघ मारायची सवय लावून घ्या.

उलटी फसवणूकही होते. पंखा, पंजा, पंढरी, पंत, पंप हे शब्द सावकाश म्हणा आणि जीभ कुठे जाते ते बघा. ‘पंखा’ला ती मागे उचलली जाते, ‘पंत’ला दातांना टेकते, ‘पंप’ला तर ओठच मिटतात. पाच वेगवेगळे अनुनासिक आणि लिहायला एकच टिंब. तरी कुणाचा घोटाळा होत नाही, कारण पुढच्या व्यंजनाप्रमाणे कोणता अनुनासिक येणार ते ठरलेलं असतं. एकाच जागेसाठी दोघांची स्पर्धा होतच नाही. अशा ठिकाणी फरक कानाला असतो, व्यवस्थेला नसतो. या वाटण्या झालेल्या रूपांना स्वनांतरं म्हणतात.

आता ‘मन’ आणि ‘मण’ घ्या. प्रमाण मराठीत हे दोन शब्द आहेत. आत्याच्या बोलण्यात दोन्ही ‘मन’च, आणि गव्हाचं मन की माणसाचं मन हे वाक्यावरून कळतं. प्रमाण बोलीत जिथे दोन खण आहेत, तिथे तिच्या बोलीत एक आहे, इतकंच.

चौथीत असताना ‘पानी’ म्हटल्याबद्दल मला वर्गात उभं केलं होतं. पुढे अनेक वर्षं चारचौघांत ‘ण’ असलेला शब्द आला की मी अडखळायचो. आत्याच्या बोलण्यातल्या सगळ्या न आणि ण यांची यादी केली, तेव्हा दिसलं की त्यात एकही ‘चूक’ नाही. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच नियम पाळलेला आहे. शाळेत प्रमाण लेखन शिकवायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण दुसऱ्या व्यवस्थेला अव्यवस्था म्हणणं हे अज्ञान आहे, आणि लहान मुलाला त्याची किंमत मोजावी लागते.

पायरी ३: उभं-आडवं कोष्टक

हा माझा सगळ्यात आवडता भाग, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या.

वहीतलं एक साधं वाक्य घ्या: मी काल भाकरी खाल्ली. शब्द एकमेकांच्या शेजारी बसले आहेत, हे आडवं नातं. आता ‘भाकरी’च्या जागी दुसरं काय बसेल ते खाली खाली लिहा: भात, पोहे, केळं, लाडू. हे उभं नातं, म्हणजे जे हजर नाहीत पण त्या जागी येऊ शकले असते त्यांच्याशी असलेलं. वाक्यातली प्रत्येक जागा या दोन नात्यांच्या चौकात असते.

उभी यादी करताना क्रियापदाकडे लक्ष ठेवा. भात खाल्ला. भाकरी खाल्ली. केळं खाल्लं. पोहे खाल्ले. खाणारा ‘मी’ तोच, तरी क्रियापद खाल्लेल्या पदार्थाप्रमाणे बदलतंय. व्याकरणाचं पुस्तक न उघडता, निव्वळ अदलाबदल करून, मराठीतली लिंगं आणि वचनं तुमच्या समोर आली. आता ‘काल’ काढून ‘उद्या’ घाला: मी उद्या भात खाईन, मी उद्या भाकरी खाईन. क्रियापदाने पदार्थाकडे बघणं सोडलं आणि ते ‘मी’कडे वळलं.

आणखी खोलात जा. ‘भाकरी खाल्ली’ आणि ‘केळी खाल्ली’ या दोन्हींत शेवटी ‘ई’च आहे. हा एकच प्रत्यय का? नुसतं ऐकून उत्तर मिळणार नाही, म्हणून दोन्ही ओळी वचन बदलून बघा. भाकरी खाल्ली, भाकऱ्या खाल्ल्या. केळं खाल्लं, केळी खाल्ली. पहिली ‘ई’ एका भाकरीची आहे आणि तिच्या शेजारी ‘ल्या’ उभा आहे. दुसरी ‘ई’ अनेक केळ्यांची आहे आणि तिच्या शेजारी अनुस्वार असलेला ‘लं’ आहे. आवाज एक, जागा दोन, म्हणून रूपिमही (अर्थ असलेले भाषेचे लहानात लहान तुकडे) दोन. ज्या दिवशी हे स्वतःच्या हाताने कोष्टकात मांडाल, त्या दिवशी ‘संरचना’ हा शब्द पाठ करायची गरज उरणार नाही.

लाडवाचं काय होतं तेही बघाच. लाडू खाल्ला, लाडू खाल्ले. नामात तसूभरही बदल नाही, तरी एक की अनेक हे कळतं. एकवचन आणि अनेकवचन यांच्यात ऐकू येणारा प्रत्यय नसेल, तर त्या रिकाम्या जागेलाच प्रत्यय मानायचं, शून्य प्रत्यय. ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. पाणिनीच्या अष्टाध्यायीत ‘अदर्शनं लोपः’ (१.१.६०) हे सूत्र आहे: जे असायला हवं पण दिसत नाही, तो लोप. सोस्यूरनेही शून्य चिन्हासाठी चेक भाषेतला असाच दाखला दिला आहे, आणि तो स्वतः संस्कृतचा अध्यापक होता. लिओनार्ड ब्लूमफील्ड या अमेरिकन भाषावैज्ञानिकाने १९३३ च्या आपल्या ग्रंथात पाणिनीच्या व्याकरणाची गणना मानवी बुद्धीच्या थोर स्मारकांमध्ये केली. ती उगीच केली नव्हती.

पायरी ४: शब्दाचं मोल शेजाऱ्यांवरून काढा

‘झाड’ या आवाजात झाडासारखं काही नाही, हे लगेच पटतं. ध्वन्यनुकारी शब्दांचं काय, असं मुलं विचारतात. आपला कोंबडा ‘कुकूचकू’ करतो, फ्रेंच कोंबडा ‘कोकोरिको’. तिथेही प्रत्येक भाषा आपल्या ध्वनींच्या चौकटीतूनच ऐकते. आवाज (चिन्हक) आणि अर्थ (चिन्हित) यांचं नातं यादृच्छिक असतं ते असं. यादृच्छिक म्हणजे ज्याच्या त्याच्या मर्जीचं, असा मात्र अर्थ घेऊ नका. मी उद्यापासून झाडाला ‘खुर्ची’ म्हणायचं ठरवलं, तर माझं कुणालाच कळणार नाही.

याच्या पुढचा विचार जास्त मोलाचा आहे. “आम्ही जेवायला जातोय” आणि “आपण जेवायला जातोय”. पहिल्या वाक्यात ऐकणारा उपाशी, दुसऱ्यात त्याच्यासाठीही ताट आहे. इंग्रजीत दोन्हींना ‘वी’. ‘आम्ही’चा अर्थ ‘वी’ असं शब्दकोशात लिहिता येतं, पण मोल वेगळं आहे. ‘आम्ही’च्या शेजारी ‘आपण’ उभं आहे म्हणून त्याची हद्द आखडली. इंग्रजी ‘वी’ला असा शेजारी नाही.

सोस्यूरचं स्वतःचं उदाहरण मेंढीचं आहे. फ्रेंच ‘मूतों’ म्हणजे जिवंत मेंढीही आणि ताटातलं तिचं मांसही. इंग्रजीत जिवंत मेंढी ‘शीप’ आणि मांस ‘मटन’, त्यामुळे ‘शीप’चं मोल ‘मूतों’एवढं नाही. गंमत अशी की इंग्रजीतला ‘मटन’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या त्याच शब्दावरून आलेला, आणि तोच पुढे आपल्याकडे ‘मटण’ होऊन रविवारच्या रांगेत उभा राहिला. आपल्याकडे तो बहुतेक वेळा बोकडाचा असतो. एकच शब्द तीन घरांत गेला आणि प्रत्येक घरात शेजारी वेगळे मिळाले म्हणून मोल वेगळं झालं.

हाच प्रयोग ‘कोंबडी’ आणि ‘चिकन’वर करा. हॉटेलच्या पाटीवर ‘चिकन’ असतं आणि अंगणात ‘कोंबडी’. पण मालवणी घरात कोंबडी-वडे होतात, तिथे ‘कोंबडी’ने ताटातली जागा सोडलेली नाही. तुमच्या घरात कोण काय म्हणतं आणि कधी म्हणतं, ते वहीत लिहा.

पायरी ५: काळ थांबवा

आत्ताच मी मटणाचा प्रवास सांगितला. तो ऐकायला रंजक आहे, पण मटण आणायला निघालेल्या माणसाला तो माहीत असण्याची गरज नाही. आजच्या मराठीत ‘मटण’चं मोल ठरतं ते आजच्या चिकन, मासळी आणि बोकड यांच्या शेजाराने. आजच्या व्यवस्थेचा अभ्यास तो एककालिक, बदलाचा अभ्यास तो ऐतिहासिक. सोस्यूरने बुद्धिबळाची उपमा दिली: डाव मध्येच बघायला आलेल्याला पटावरची स्थिती समजते, आधीच्या चाली माहीत नसल्या तरी अडत नाही.

आपल्याकडे व्युत्पत्तीची ओढ फार. प्रत्येक शब्द संस्कृतपर्यंत नेऊन पोचवल्याशिवाय चैन पडत नाही. व्युत्पत्ती जरूर शोधा, पण त्यासाठी वहीत वेगळं पान ठेवा. कोष्टकाच्या पानावर ती आली की आजची नाती दिसेनाशी होतात.

पायरी ६: आता पुस्तक उघडा

इथवर आलात की फेर्दिनां द सोस्यूर (१८५७–१९१३) वाचायला घ्या. आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ‘कूर द लँग्विस्तिक जेनेराल’ हा ग्रंथ त्याने स्वतः लिहिलेला नाही. १९०७ ते १९११ या काळात त्याने जिनिव्हा विद्यापीठात सामान्य भाषाविज्ञानाचे तीन अभ्यासक्रम शिकवले. तो गेल्यावर शार्ल बाली आणि आल्बेर सेशए यांनी विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून १९१६ मध्ये ग्रंथ तयार केला, आणि या दोघांनी ती व्याख्यानं स्वतः ऐकलेली नव्हती. १९९६ मध्ये जिनिव्हातल्या सोस्यूर कुटुंबाच्या घरी त्याची हस्तलिखितं सापडली, ती २००२ मध्ये छापून आली. म्हणून ‘सोस्यूर म्हणतो’ असं लिहिताना थोडं जपून लिहा.

ग्रंथ पहिल्या पानापासून वाचू नका. दुसऱ्या भागातलं चौथं प्रकरण, भाषिक मोलाचं, आधी वाचा. मग त्याच भागातलं पाचवं, उभ्या-आडव्या नात्यांचं. त्यानंतर पहिल्या भागातलं पहिलं, चिन्हाच्या स्वरूपाचं. इंग्रजीतून वाचणार असाल तर वेड बॅस्किन (१९५९) आणि रॉय हॅरिस (१९८३) अशी दोन भाषांतरं मिळतात. बॅस्किनचे ‘सिग्निफायर’ आणि ‘सिग्निफाइड’ हॅरिसकडे ‘सिग्नल’ आणि ‘सिग्निफिकेशन’ होतात. दोन्ही एकदम वाचायला घेतलीत तर गोंधळ होईल, तेव्हा एकच निवडा. मराठीतून ना. गो. कालेलकरांपासून सुरुवात करा. ‘भाषा: इतिहास आणि भूगोल’ या त्यांच्या पुस्तकाला १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इतकं स्वच्छ शास्त्रीय मराठी क्वचितच वाचायला मिळतं.

सोस्यूरची ताकद बघायची असेल तर त्याच्या विशीतलं काम बघा. १८७८ च्या अखेरीस, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने इंडो-युरोपीय स्वरव्यवस्थेवर एक प्रबंध प्रसिद्ध केला. संस्कृत धातूंच्या गणांचा त्यात मोठा आधार होता. कोष्टक मांडल्यावर काही जागा रिकाम्या दिसत होत्या, तेव्हा कुठल्याही ज्ञात भाषेत त्या रूपात न आढळलेले ध्वनी तिथे असलेच पाहिजेत असं त्याने मांडलं. पुढे हित्ती ही आजच्या तुर्कस्तानातली प्राचीन भाषा उलगडली आणि १९२७ मध्ये येझी कुरिलोविच या पोलिश अभ्यासकाने दाखवून दिलं की हित्तीमध्ये अशा जागी खरोखरच एक ध्वनी लिहिलेला आहे. सोस्यूरला जाऊन तेव्हा १४ वर्षं झाली होती.

पायरी ७: प्रभावाच्या वाटा, पण एका वेळी एकच

प्रभाव सगळीकडे आहे, म्हणून नवखा माणूस एकदम बार्थ, लाकां, देरिदा हे फ्रेंच विचारवंत वाचायला घेतो आणि थकतो. मी दोन वाटा सुचवतो.

पहिली वाट प्रागची. १९२६ मध्ये व्हिलेम माथेसियसच्या पुढाकाराने प्राग भाषावैज्ञानिक मंडळ सुरू झालं. त्यातल्या निकोलाय त्रुबेत्स्कोय आणि रोमान याकोबसन यांनी ध्वनींमधल्या विरोधांची शिस्तशीर मांडणी केली. आपल्याला ती समजायला सोपी जाते, कारण क-ख-ग-घ हा तक्ताच तसा आहे: आडवं गेलं की प्राण आणि घोष बदलतात, उभं गेलं की स्थान बदलतं. याकोबसन युद्धकाळात न्यूयॉर्कला पोचला. तिथे त्याची व्याख्यानं मानवशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्त्रोस याने ऐकली आणि हीच पद्धत नातेसंबंधांना लावली. १९४५ च्या त्याच्या लेखात मध्यवर्ती माणूस आहे मामा. मामा-भाच्याचं नातं मोकळं की धाकाचं, हे एकट्या त्या नात्याकडे बघून कळत नाही, असं तो म्हणतो. नवरा-बायको, भाऊ-बहीण आणि बाप-लेक ही तिन्ही नाती सोबत मांडावी लागतात. ज्या समाजात बापाचा धाक, तिथे मामाशी सलगी, आणि जिथे बापाशी सलगी तिथे मामाचा धाक, अशी जोडी त्याला अनेक ठिकाणी दिसली. ही मांडणी पुढे बरीच वादात सापडली. पण दोन स्वनिमांमधला विरोध घरातल्या माणसांपर्यंत कसा पोचला, हे समजायला याहून चांगला लेख मला माहीत नाही.

दुसरी वाट आपल्या दारात आहे. अमेरिकेत मूळ रहिवाशांच्या अलिखित भाषा नोंदवताना संरचनावादी पद्धत घडली, आणि १९५० च्या दशकात रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाच्या शाळा भरू लागल्या. अशोक केळकर कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या स्वन आणि रूपव्यवस्थेवर प्रबंध लिहून परतले. अ. मा. घाटगे यांनी १९६० च्या दशकापासून एकेका बोलीचं वर्णन लिहिलं, कुडाळी, महाडची कुणबी, ठाण्याची वारली. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ती प्रसिद्ध केली. ही पुस्तकं म्हणजे तुमच्याच वहीचं पक्कं रूप: ध्वनी, रूपं, उतारे, शब्दसूची.

संरचनावादाने बरंच बाजूला ठेवलं. नवीन वाक्य माणूस कसं रचतो हा प्रश्न अमेरिकन भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्कीने १९५७ पासून पुढे आणला. एकाच गावात जात, वय आणि बाई-पुरुष यांप्रमाणे बोलणं का बदलतं, हा प्रश्न समाजभाषाविज्ञानाने घेतला. ते पुढच्या वर्षी वाचा.

आधी मात्र वहीला दुसरं माणूस जोडा, वेगळ्या भागातलं. कुणी सापडलं नाही तर डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने केलेल्या बोलींच्या सर्वेक्षणातली ध्वनिमुद्रणं ऑनलाइन ऐकता येतात. तीन रकाने आखा आणि वेळ–वेल ही जोडी तिन्हींत तपासा. पहिला रकाना प्रमाण मराठीचा: ळ आणि ल, दोन खण. दुसरा आगरी-कोळी बोलींचा. तिथे ‘काळा’चा ‘काला’ होतो, म्हणजे दोन खणांचा एक खण. तिसरा वऱ्हाडीचा. तिथे पुष्कळ जागी ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘शाळा’ची ‘शाया’ होते. कानाला तिसरा रकाना प्रमाण मराठीपासून जास्त लांब वाटतो. पण खण मोजा: ळच्या जागी य आला, तरी ल आपल्या जागी राहिला आणि फरक टिकला. आता त्या ‘य’ची गाठ बोलीतल्या मूळच्या ‘य’शी कुठे पडते, त्याच्या जोड्या शोधायला घ्या.